विषय: एपीआयमधलं बूलियन कट आणि तुमचा ग्राफिक्स कार्डाचा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक साहाय्य विभाग

तुमच्या कॅड सॉफ्टवेअरला एपीआयमधून (दुसऱ्या प्रोग्रॅमनं सॉफ्टवेअरला हुकूम द्यायची सोय) चालवणारं आमचं प्लगइन एका प्लेटला भोकं पाडताना फार हळू चालतं, त्याबद्दल तुमच्या हेल्पलाइनला केलेला फोन आत्ताच ठेवला. आता लेखी.

1200 × 600 × 3 मिमी प्लेट. 10 मिमी पिचवर (दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर) 117 × 57, म्हणजे 6,669 भोकं. व्यास 3 पासून 6 मिमीपर्यंत बदलत जातो, म्हणून पॅटर्न (एकच भोक ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा उमटवणं) चालत नाही. हे तिकिटात पहिल्याच ओळीत आहे, तरी उत्तर येतं: "पॅटर्न वापरून बघा."

फीचर ट्रीमध्ये (मॉडेलच्या पायऱ्यांची यादी) एकेक कट टाकला की दर वेळी रिबिल्ड, म्हणजे मॉडेल पुन्हा मोजणं. म्हणून आम्ही तात्पुरत्या बॉडीवर (फक्त मेमरीत असलेला घन आकार) काम करतो: प्लेट मेमरीत, सिलिंडर मेमरीत, बूलियन वजाबाकी (एका आकारातून दुसरा कापून काढणं), आणि अगदी शेवटी डॉक्युमेंटमध्ये एकच फीचर. जलद मार्ग म्हणून तुमच्याच मदत पानांवर हाच दिलाय. पण तुमचं फंक्शन एका वेळी एकच टूल बॉडी (कापणारा आकार, इथं सिलिंडर) घेतं, आणि ऑपरेशन फसलं तर मूळ प्लेटही निकामी करून ठेवतं. म्हणजे प्रत्येक कटाआधी प्लेटची कॉपी आली. दर भोकाला प्लेटचा एक फेस (पृष्ठभाग) वाढतो: पहिल्या कटाआधी 6 फेसची, शेवटच्या कटाआधी 6,674 फेसची. भोकं दुप्पट झाली की वेळ जवळपास चौपट का होतो, हे तुम्हाला समजावून सांगायची वेळ यावी?

सिलिंडर बरोबर 3 मिमी उंच ठेवला तर त्याची टोकं प्लेटच्या फेसवर तंतोतंत बसतात आणि बूलियन अडखळतं, हे आम्हालाही कळतं. आम्ही 5 मिमी ठेवतो, दोन्हीकडे 1 मिमी बाहेर. तरी कधी फसलंच तर हाती काय? 'अयशस्वी'. कुठला फेस, कुठली एज (कड), काही नाही.

आता तो फोन. हे सगळं सांगून झाल्यावर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "सर, ग्राफिक्स कार्ड कुठलंय?" मी म्हटलं, रीड्रॉ बंद आहे, तात्पुरती बॉडी पडद्यावर येतच नाही, सीपीयूचा एक कोअर राबतोय, बाकीचे आराम करताहेत. "बरोबर सर. ड्रायव्हर अपडेट केलाय का?" पुन्हा सांगितलं, पडद्यावर काहीच काढलं जात नाही. थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. मग, "सर, ॲडइनऐवजी वेगळी ईएक्सई करून बघा, म्हणजे हँग होणार नाही." ॲडइन सॉफ्टवेअरच्या आतच चालतं; ईएक्सई, म्हणजे स्वतंत्र प्रोग्रॅम, केली की प्रत्येक कॉल एका प्रोसेसमधून दुसऱ्या प्रोसेसमध्ये जातो आणि हजारो कॉलांवर वेग आणखी बसतो. आधीच लंगड्या घोड्याला हा नवा दगड! त्यावर शेवटचा प्रश्न: "तिकीट बंद करू का सर?"

वार्षिक देखभाल शुल्क आम्ही याच्यासाठी भरतो वाटतं.

तोडगा शेवटी आम्हीच काढला. प्लेटच्या 13 पट्ट्या, प्रत्येकीत 9 उभ्या रांगा, 513 भोकं. पट्ट्या वेगवेगळ्या कापायच्या आणि 12 वेळा जोडायच्या. पट्टीची रेघ दोन रांगांच्या मधोमध, नाहीतर भोक चिरलं जातं. वेळ बराच उतरतो, कारण कॉपी लहान राहते. वापरून झालेली सिलिंडरची हँडलं (मेमरीतल्या त्या बॉडींचे धरून ठेवलेले संदर्भ) मात्र हातानं सोडावी लागतात, नाहीतर मेमरी फुगत जाते. हेही मदत पानांवर नाही.

आम्हाला हवंय ते असं: टूल बॉडींची यादी एकदम घेणारं फंक्शन, फसलं तरी शाबूत राहणारी मूळ बॉडी, आणि एररसोबत दोषी फेस. ओपन कॅस्केड हे फुकट मिळणारं कर्नल (आकारांची भूमिती मोजणारं इंजिन) टूलांची यादी घेतं, समांतर चालवायची सोयही देतं. फुकट! आणि तुम्ही पैसे घेऊन ग्राफिक्स कार्ड विचारता.

नूतनीकरणाचं बिल पाठवण्याआधी, एपीआय स्वतः लिहिणाऱ्या माणसाकडून लेखी उत्तर द्या. ते आलं नाही तर बिल पाठवू नका. प्लगइन दुसऱ्या कर्नलवर हलवायला आम्ही सुरुवात करतोय.

तुमचा (सध्या तरी) परवानाधारक