बाबा, बाईंना मी सावकाश बोलायला लावलंय

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

आधी कबुली देते. निघायच्या आदल्या रात्री तुम्ही दोघं झोपल्यावर मी बाबांच्या लॅपटॉपवर एनव्हीडीएच्या, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या त्या प्रोग्रॅमच्या, सेटिंग्ज बदलल्या. विचारायला हवं होतं. पण बाबा, विचारलं असतं तर "राहू दे, चाललंय की माझं" म्हणाला असतात, आणि ते चाललेलं नव्हतं. दुपारी मी दारातून बघत होते. पान उघडलं आणि त्यातल्या आवाजाच्या बाई वरपासून वाचत सुटल्या, मेनू काय, जाहिराती काय. तुमची बोटं एफ आणि जे वरच्या उंचवट्यांवर नुसती टेकून होती. मग आईने येऊन माउस हातात घेतला आणि तुम्ही काही न बोलता खुर्ची मागे सरकवलीत. ती खुर्ची माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. चूक माझीच. मागच्या खेपेला घाईघाईत माझ्या कानांना झेपणारा वेग ठेवून गेले होते.

आता काय केलंय ते ऐका. वेग ६० वरून ३५ वर आणलाय. पान उघडल्या उघडल्या आपोआप वाचत सुटणं बंद केलंय. बाई पानाचं नाव सांगतील आणि थांबतील. पुढचं ऐकायचं तर कॅप्स लॉक धरून ए, गप्प करायचं तर कंट्रोल. एकाच ओळीत चार-चार लिंका अंगावर यायच्या ना, ती 'स्क्रीन लेआउट'ची खूण काढून टाकली. आता खालचा बाण दाबला की एका वेळी एकच लिंक.

आणि बाबा, एच. एवढं एक अक्षर लक्षात ठेवा. एच दाबलं की पुढचं शीर्षक, शिफ्ट धरून एच दाबलं की मागचं. १ ते ६ हे आकडे शीर्षकांच्या पातळ्या, १ म्हणजे सगळ्यांत वरची. दिवे गेले की तुम्ही माझं बोट धरून जिना उतरवायचात. "पायऱ्या मोज, मग अंधार असला काय नि नसला काय." नऊ पायऱ्या, वळण, मग सात. मी अजूनही अंधारात जिना मोजूनच उतरते. पानही तसंच मोजत उतरायचं.

एच दाबूनही उडी बसली नाही, तर तुम्ही लिहायच्या चौकटीत असाल. तिथे एच म्हणजे नुसतं अक्षर, ते उमटतं. एस्केप दाबून बाहेर या.

आत्याला वाटतंय, फुकट आहे म्हणून मी हे एनव्हीडीए तुमच्या माथी मारलं. तसं नाही हो. ऑस्ट्रेलियात मायकेल करनने २००६ साली हे लिहायला घेतलं, मग जेम्स तेह त्याला येऊन मिळाला. दोघंही अंध. पानावर वाट शोधताना कुठे अडतं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. म्हणून माझा त्यावर भरवसा आहे.

काही बिघडेल म्हणून भिऊ नका. कॅप्स लॉक आणि कंट्रोल धरून आर एकदा दाबलं की मी जतन केलेल्या सेटिंग्ज परत येतात. एकदाच हं! तीनदा दाबलंत तर सगळं कोरं होऊन पहिल्यापासून सुरुवात. सराव करायचा तर कॅप्स लॉक धरून १ दाबा, मग कुठलीही कळ दाबा, ती काय करते एवढंच बाई सांगतील. पुन्हा तेच दाबलं की सराव संपला.

आई, रागावू नकोस. तू इतकी वर्षं त्यांचे डोळे झालीस, ते मी बघितलंय. पण आता माउसला हात लावायचा नाही. ते अडखळले तरी पाच मिनिटं थांब. थेंबांची वेळ मात्र तूच सांभाळ, रात्रीचे चुकवू देऊ नकोस, ते "घातले" म्हणाले तरी बाटली बघ. आणि हे पत्र तू वाचून दाखवू नकोस, बाईंना वाचू दे.

बाबा, रविवारी सकाळी फोन करते. बातम्यांचं पान उघडून ठेवा, एच तीनदा दाबा आणि तिसरी बातमी मला सांगा. लहानपणी पेपर वाचून दाखवायचात, तशी, सावकाश.

तुमची,
मनू