मलाकालला निघण्याआधी

दिल्ली कँट,
रविवार, रात्र

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. पत्र बघून हसशील, माहितीय मला. फोन आहे लेका, मोडला नाही. पण मी फोन केला की निम्म्या वेळेला आई तुझ्या शेजारी बसलेली असते, आणि यातलं बरंचसं तिच्या कानावर नको. शिवाय रोल कॉल झाला की बराकीत पन्नास जण एकदम 'हॅलो, आवाज येतोय का' सुरू करतात. त्यात मनातलं काय बोलणार?

तर ऑर्डर आली. दक्षिण सुदान, मलाकाल. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची निळी टोपी. युनिटचं नाव आणि निघायची तारीख लिहीत नाही, तूही विचारू नकोस आणि चौकात सांगत सुटू नकोस.

पहिल्याच लेक्चरला एक फोटो दाखवला. पावसाळ्यातला रस्ता, त्यात पांढरी गाडी निम्म्या चाकापर्यंत रुतलेली, आणि खाली लिहिलेलं, 'ब्लॅक कॉटन सॉइल'. पंजाबची, कुमाऊंची पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मी मनात म्हटलं, ही तर आपली मंगळवेढ्याची काळी रानं! चार थेंब पडले की चपलेला शेरभर चिखल, आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. तिथंही जोंधळाच पिकतो बघ. पीठ आंबवून पातळ भाकरी करतात, किसरा म्हणतात तिला. मालदांडीच्या भाकरीची सर तिला यायची नाही, हे मी न खाताच सांगून ठेवतो.

देश अजून लहान आहे, ९ जुलै २०११ ला झालेला. डिसेंबर २०१३ मध्ये आपसात जुंपली आणि मलाकाल गाव कितीदा या हातातून त्या हातात गेलं. माणसं जीव घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या तळाच्या कुंपणाआड आली. तिथं आपल्या फौजेचं हॉस्पिटल आहे, 'लेव्हल टू' म्हणतात. दिवसाला चाळीसेक ओपीडी, तीन-चार ऑपरेशनं, वीसपर्यंत खाटा, असा त्या पातळीचा हिशेब. आपल्या तालुक्याच्या दवाखान्याहून फार मोठं नाही, फक्त पुढचा दवाखाना हेलिकॉप्टरच्या अंतरावर. २०१३ च्या एप्रिलमध्ये जोंगलेई भागात आपले पाच जवान एका हल्ल्यात गेले. हे आईला सांगायचं नाही. तिला कोटणीस डॉक्टर माहीत आहेत, सोलापूरचे, १९३८ ला चीनला गेलेले. ते परत आले नाहीत हेही तिला पाठ आहे. दर फोनला तेच काढते.

आता इथला दिवस. पहाटे पीटी, मग एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, सिक रिपोर्ट, आजारी जवानांची रांग. नर्सिंग असिस्टंट म्हटलं की गावाकडं सगळ्यांना गोळ्या, बॉम्ब आणि रक्तच दिसतं. खरं सांगू? माझा निम्मा दिवस पायांत जातो. नव्या बुटांचे फोड, बोटांच्या बेचक्यातला चिखल्या, जांघेतला नायटा. उरलेला जुलाबात. कुणाला 'अटेंड सी' म्हणजे बिछान्यावर आराम पाहिजे असतो, कुणाला निदान बुटांची माफी. खरा कोण आणि पीटी चुकवणारा कोण, हे चेहऱ्यावरून ओळखायला मला सहा वर्षं लागली. लखनौच्या सेंटरला ते शिकवत नाहीत. तिथं बारावी सायन्सवाल्या पोरांनी एकमेकांच्या हातांवर सुया टोचून हात निळे करून घेतले, एवढं मात्र आठवतं. सलाईनची गुलाबी कॅन्युला वीस नंबरची, हिरवी अठराची, करडी सोळाची. अजून झोपेत विचारलं तरी सांगेन.

सध्या सगळ्यात मोठं काम लसी आणि गोळ्या. पीतज्वराची लस जायच्या किमान दहा दिवस आधी टोचावी लागते, तिचं पिवळं कार्ड पासपोर्टाइतकंच जपायचं. मलेरिया तिथं फाल्सिपारम जातीचा, डोक्यात चढला की दोन दिवसांत माणूस गार. तो टाळायला डॉक्सीची गोळी रोज एक, पोहोचायच्या आधीपासून ते परतल्यावर चार आठवडे. रिकाम्या पोटी घेतली तर छातीत आग पडते, म्हणून पोरं टाळणार. म्हणून मी लंगरच्या दारात उभा राहून समोर गिळायला लावणार. 'जीभ दाखव, वर कर, बाजूला कर.' आत्ताच माझं नाव मास्तरीणबाई पडलंय.

सापाचं तुला सांगायलाच पाहिजे, कारण तू रानातनं घोणस चावलेली माणसं उचलून आणतोस. आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांची. तिकडचे साप वेगळे, त्यांना ती लागू नाही, तिकडची लस वेगळी. आयुष्यभर जिच्यावर भरवसा ठेवला ती बाटली तिथं नुसतं पाणी, हे ऐकून मला कसंतरीच झालं.

भाषेचं पण शिकवतायत थोडंफार. दुभाषे असतात, तरी चार शब्द आपले आपल्याला यावेत. तिकडच्या अरबीत पाणी म्हणजे 'मोया', कुठं म्हणजे 'वेन', आणि दुखणं म्हणजे 'वजा'. 'वेन वजा?' म्हणजे कुठं दुखतंय. आपल्या गणिताच्या सरांची आठवण आली रे. त्यांच्या तासाला वजा म्हणजे दुखणंच होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

परवा रात्री कॅज्युअल्टीची प्रॅक्टिस होती. अंधार, डोक्याला लाल टॉर्च, एक जवान जमिनीवर ओरडतोय, मांडीवर खाण्याच्या रंगाचं रक्त. आम्हाला 'दहा-एक-दोन' घोकून घेतात : दहा मिनिटांत रक्त थांबव आणि श्वासाची वाट मोकळी कर, तासात पुढचे उपचार, दोन तासांत ऑपरेशन. आणि सगळ्यात आधी मोठं रक्त, बाकी सगळं नंतर. मी पोचलो, कातरीनं पँट फाडली, जखमेच्या वर चार बोटं टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, चढवलं, त्याची काठी पिळली. खोट्या रक्ताची नळी दाबून दाबून सुरकुतली तोवर थांबलो नाही. चाळीस सेकंद लागली असतील. मी मनातल्या मनात स्वतःच्या पाठीवर थाप मारली. आम्हाला शिकवणारे उस्ताद आले, वाकले, टॉर्च पट्ट्यावर धरली.

"टाइम कहाँ है, डॉक्टर साब?"

पट्ट्यावर वेळ लिहायची पांढरी पट्टी असते. ती कोरी होती. मार्कर माझ्या खिशात नव्हता, तंबूत राहिला होता.

"पेशंट ज़िंदा. टांग गई," म्हणाले आणि पुढच्याकडं गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पट्टा दोन तासांच्या वर राहिला की खालचा पाय मरायला लागतो. पुढच्या डॉक्टरला तो किती वाजता आवळला हे कळलं नाही, तर सोडायचा का ठेवायचा हे तो ठरवणार कसा? पेशंट हेलिकॉप्टरमध्ये गेला की माझा आवाज त्याच्यासोबत जात नाही. जातो तो फक्त लिहिलेला आकडा.

मग रात्रभर मला पंढरपूर रस्त्यावरचा तो मोटारसायकलवाला दिसत होता. बारावीची परीक्षा संपली होती आपली. तुझा टॉवेल, माझी गाठ. आठवतं का, बांधल्यावर रक्त थांबायच्या ऐवजी वाढलंच होतं, आणि आपण वरनं हातानं दाबत होतो? लखनौला गेल्यावर मला कळलं का ते. अर्धवट आवळलेला पट्टा शिरा बंद करतो, धमनी चालूच ठेवतो. न बांधलेला बरा. मी ते तुला इतकी वर्षं सांगितलं नाही. वडापच्या जीपमध्ये घातला, जीप गेली, आणि आपण रस्त्यावर हात धुवायला पाणी शोधत बसलो. नाव नाही, गाव नाही, जगला का गेला काही नाही.

तू एकशे आठ अँब्युलन्सवर पायलट, म्हणजे ड्रायव्हर, झालास तेव्हा म्हणाला होतास, 'दारात सोडला की आपलं संपलं, मागं वळून विचारायचं नाही, विचारलं तर दुसरी ट्रिप होत नाही.' तेव्हा मला तू निर्दयी वाटला होतास. आता तसं वाटत नाही. पण एक सांग, तुला खरंच जमतं का ते? मला फोनवर उत्तर देऊ नकोस, लिही. दोन ओळी चालतील.

मार्कर आता मी पिशवीला दोऱ्यानं बांधलाय, बँकेत पेन बांधलेला असतो तसा. पोरं हसतात. एक स्लिप भरायचीय म्हणून उसना मागून जातात.

उस्ताद तसे वाईट नाहीत. काल बडाखान्याला, सगळ्यांच्या एकत्र जेवणाला, जवळ बसून कोरियाच्या लढाईचं सांगत होते. आपली ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स १९५० मध्ये तिथं गेली, आणि २३ मार्च १९५१ ला कर्नल रंगराज आणि त्यांची माणसं अमेरिकन तुकडीबरोबर मुनसानला पॅराशूटनं उतरली. मेडिकलवाली माणसं, ऑपरेशनचं सामान घेऊन आभाळातनं! मी म्हटलं, "साब, टाइम लिखा था उन्होंने?" साब हसले तरी. म्हणजे माफ केलंय बहुतेक.

काळी पेटी भरून झालीय. आईनं पाठवलेली शेंगाचटणी मोठ्या मुश्किलीनं बुटांच्या मधल्या जागेत बसवली. झाकण उघडलं तर बूट खाल्ल्याशिवाय पर्याय नाही. वडिलांना सांग, पंपाचे पैसे पुढच्या महिन्यात येतील, उसाची बारी चुकवू नका.

आणि तुझ्याकडं एक काम. आईचं बीपी दर पंधरा दिवसांनी तपासून घे. ती 'मला काय झालंय' म्हणेल, तू गाडी दारात लावून उभा राहा, शेजारीपाजारी बघतील या भीतीनंच ती बसेल. सकाळची गोळी ती एकादशीला चुकवते, उपासाला पाण्याबरोबर गोळी चालते हे तुझ्या तोंडून सांग, माझं ऐकत नाही. जो आकडा येईल तो कॅलेंडरवर लिही. वरचा, खालचा, दोन्ही.

आणि किती वाजता बघितलं तेही लिही.

तुझा,
पिंट्या