समुद्र मधे आला कसा

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही मला अडवलंत, "आफ्रिकेतला आणि ॲमेझॉनमधला प्राणी चुलत भाऊ कसे? मधे अख्खा अटलांटिक आहे की!" तेवढ्यात फोन दादाच्या हातात गेला आणि उत्तर राहून गेलं. तसंही ते फोनवर उरकण्यासारखं नाही.

तो प्राणी कोळी नव्हे, पण कोळी, विंचू, गोचीड यांच्याच गणगोतातला अष्टपाद. नाव रिसिन्युलिड. इथल्या संग्रहात स्पिरिटमध्ये ठेवलेला एक नमुना काल पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. लांबी जेमतेम सेंटिमीटर. पाठ जाड, दाणेदार. खरे डोळे नाहीतच. तोंडावर डबीसारखं उघडमीट होणारं झाकण असतं आणि मादी अंडं त्या झाकणाखाली धरून हिंडते. हिंडते कसली, पाचोळ्यातून सरकते. दमट पाचोळा नाहीतर गुहा, याबाहेर यांचा संसार नाही.

असा हा प्राणी आज फक्त पश्चिम आफ्रिकेत आणि टेक्सासपासून ब्राझीलपर्यंतच्या अमेरिकेत सापडतो. सोपं उत्तर असं की दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका पूर्वी जोडलेल्या होत्या. सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी त्या सुट्या झाल्या, मधे पाणी शिरलं आणि हे दोन्ही काठांवर राहिले.

पण एवढ्याने माझं समाधान होत नाही. त्यांचे जीवाश्म युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या 30 कोटी वर्षांहून जुन्या कोळशाच्या थरांत सापडले आहेत आणि म्यानमारच्या सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरमध्येही (अंबर म्हणजे दगड झालेला झाडाचा डिंक). म्हणजे आशियातही ते होते, पुढे तिथून नामशेष झाले. आज जिथे आहेत तिथलेच मूळचे, असं धरून चाललो की फसलोच. आर्किइड नावाच्या लांब मानेच्या कोळ्यांचं तर आणखी गमतीचं. त्यांची ओळख जगाला आधी बाल्टिकच्या अंबरमधून झाली, 1854 साली. जिवंत कोळी मादागास्करहून कळला तो 1881 साली!

मला सर्वांत भरवशाचे साक्षीदार वाटतात ते सायफोफ्थाल्मी, अष्टपादांचाच एक गट. दोन-तीन मिलिमीटरचे, माइटसारखे (गोचिडीच्या जातीच्या बारीक जिवांसारखे) दिसणारे, आयुष्य पाचोळ्यात काढणारे. त्यांच्यातलं पेटॅलिडी हे एक कुळ चिली, दक्षिण आफ्रिका, मादागास्कर, श्रीलंका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आहे. नकाशावर खुणा केल्या तर वेडंवाकडं दिसेल, पण जमिनीचे तुकडे परत जुळवले की गोंडवन, म्हणजे दक्षिणेचे खंड एकत्र होते तेव्हाचा महाखंड, तयार. खोल समुद्रातून ज्वालामुखीने वर आलेल्या बेटांवर मात्र हे मूळचे सापडत नाहीत.

आपल्या भूभागाचाही यात वाटा आहे. भारत सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटला, उत्तरेला सरकत गेला आणि सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. 2021 साली टॅरँटुला कोळ्यांवर एक अभ्यास आला. त्यानुसार त्यांचे पूर्वज सुमारे 12 कोटी वर्षांपूर्वी अमेरिकेत होते, तिथून आफ्रिका आणि मग भारत. भारतातून आशियात ते दोनदा शिरले, एकदा झाडावर राहणारे आणि एकदा बिळात राहणारे. दोन्ही वेळांमध्ये जवळजवळ 2 कोटी वर्षांचं अंतर.

सगळं असं खंडांच्या माथी मारता येत नाही, ही यातली मेख. ऑस्ट्रेलियाच्या कांगारू बेटावर मोगरिजिया नावाचा झाकणाच्या बिळात राहणारा कोळी आहे. त्याचे नातलग आफ्रिकेत. आम्हीही म्हणणार, गोंडवन! पण 2017 साली डीएनएवरून काढलेला काळ निघाला 20 लाख ते 1 कोटी 60 लाख वर्षांच्या दरम्यानचा. तेव्हा ही जमीन तुटून युगं लोटली होती. बहुधा माती-झाडोऱ्याच्या तरंगत्या ढिगाऱ्यावर बसून तो हिंदी महासागर पार करून आला. बीळ सोडायला नको म्हणणारा प्राणी!

धाग्यावर उडणाऱ्या कोळ्यांचं मला तेवढं नवल नाही. डार्विनने 1832 साली बीगल जहाजाच्या दोरांवर, किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर, असे हजारो पाहिले होते. वाऱ्याबरोबर हवेतलं विद्युतक्षेत्रही त्यांना उचलतं, हे 2018 साली प्रयोगाने दाखवलं गेलं.

असेच कधीतरी टेट्राग्नाथा नावाचे कोळी हवाई बेटांवर पोचले आणि तिथे त्यांचं गोकुळ झालं. त्यांच्यातल्या एका शाखेने जाळं विणणंच सोडलं. हिरवा, लालसर, मोठा तपकिरी, छोटा तपकिरी असे प्रकार वेगवेगळ्या बेटांवर दिसतात. वाटतं, हिरवे हिरव्यांचे भाऊ. डीएनए सांगतो की पुष्कळदा एकाच बेटावरचे निराळ्या रंगाचे कोळीच एकमेकांना जवळचे. रंग बेटाबेटावर नव्याने घडले.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या तारखा कुणी लिहून ठेवल्या? डीएनएतल्या बदलांच्या वेगावरून काढतात आणि जीवाश्मांच्या वयाशी ताडून घेतात. माझं मत विचाराल तर त्या आकड्यांवर लोक जरा जास्तच भिस्त ठेवतात. एक जुना जीवाश्म निघाला की गणित हलतं. मोगरिजियाचं अंतर मात्र इतकं मोठं आहे की चूक धरूनही गोंडवन बसत नाही.

मोगरिजियावरचा तो शोधनिबंध छापून पाठवते आहे. इंग्रजी कंटाळवाणं आहे, आकृत्या तेवढ्या बघा आणि शंका लिहून ठेवा. आईला नमस्कार, दादाला आशीर्वाद मागितला म्हणून सांगा.

तुमची,
धाकटी