सुजाताला, कोरेगावहून

चि. सुजाता हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू सांगलीच्या गाडीत बसलीस ती मागं वळून न बघता. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा ओट्यावरच राहिला. आई दोन दिवस माझ्याशी धड बोललेली नाही. 'कायम' हा शब्द पत्रात येता कामा नये असं तिनं बजावलंय, अन् तो पहिल्याच परिच्छेदात आला.

विहिरीकडचा तुकडा विकायचं मी काढायला नको होतं. पण कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या त्या माणसानं पक्क्या नोकरीसाठी भरायचा आकडा सांगितला, तेव्हा वाटलं, जमीन तरी कुणासाठी राखायची? तू म्हणालीस, "सेट परीक्षा पास झाले, पीएचडी केली, आता पैसे भरून शिकवू?" बरोबर आहे तुझं. तरी रात्री हिशेब सुटत नाही. तुला आठवड्याला नऊ तासिका. सुट्टी आली की तास गेला, तासाबरोबर मानधन गेलं. उन्हाळ्यात काहीच नाही, अन् जूनमध्ये तीच फाईल घेऊन परत मुलाखत. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१९ साली अतिथी अध्यापकाला तासाला दीड हजार, महिन्याला पन्नास हजारांपर्यंत द्यावेत असं लिहिलंय, ते तूच मोबाईलवर दाखवलंस. मग तुझ्या हातात पडतं ते कुठल्या गणितानं?

मीही रोजंदारीवरच लागलो होतो एसटीत. १८० दिवस भरले की समयश्रेणी, म्हणजे रोजंदारी सुटून दरमहा ठरलेला पगार. आई कालनिर्णयवर माझ्या प्रत्येक ड्युटीला कुंकवाचा ठिपका द्यायची. पहिल्या वर्षी १७१ ठिपके झाले अन् मला हिवताप आला. थंडी वाजत असताना तिकिटाची पेटी गळ्यात अडकवून निघालो होतो, नानांनी दारातून परत ओढलं. दुसऱ्या वर्षी दिवस भरले, तेव्हा तू पोटात होतीस. ते कॅलेंडर अजून ट्रंकेत आहे. आम्हाला निदान ठिपके मोजता यायचे गं. तू सहा वर्षं शिकवतेस, तू काय मोजायचं?

म्हणून सांगतो, एखादा आरोग्य विमा काढ. खोलीचं भाडं थकवू नकोस. सरकारी जागांच्या जाहिराती बघत जा, वय निघून जातं. दादाच्या मेव्हण्याकडं... जाऊ दे. परत सुरू झालो. तुला हे सगळं माझ्याआधी कळतं.

एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. दिवाळीआधी दातांसाठी सांगलीला आलो होतो, तेव्हा तुझ्या कॉलेजात येऊन वर्गाबाहेर उभा राहिलो. तू फळ्यावर कृष्णा काढत होतीस. महाबळेश्वरहून निघालीस, माहुलीला वेण्णा आणून मिळवलीस. रेघ एकदाही पुसावी लागली नाही. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा वहीत उतरवून घेत होती. शिपायानं विचारलं, "कोण पाहिजे?" म्हटलं, "कोणी नको. मॅडमचा बाप आहे मी." त्यानं आतून खुर्ची आणून दिली. बसलो नाही, गाडी गाठायची होती.

डबा शुक्रवारच्या गाडीनं कंडक्टरकडं देतोय. माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा आहे. पावणेसहाला स्टँडवर ये, त्याला थांबवू नकोस, त्याची पुढची फेरी असते.

मुलाखतीची तारीख लागली का? आईला सांगितलंस तरी चालेल.

तुझे,
आप्पा