आधी पत्ता, मग बाकीचे

आइंडहोवेन,
दि. १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुहास यास,
सप्रेम नमस्कार.

तुझी आमच्या शेजारच्या फेल्डहोवेनला नेमणूक झाल्याचे वाचून फार आनंद झाला. सोबत काय आणावे याची यादी वहिनींना वेगळी पाठवतो, कारण कुकर आणि गोडा मसाला या विषयांत तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. तुला मात्र एकच गोष्ट सविस्तर लिहायची आहे, ती म्हणजे पत्त्याची.

नेदरलँड्समध्ये चार महिन्यांहून अधिक राहायला येणाऱ्याने आल्यापासून पाच दिवसांच्या आत खमेन्तेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, राहत्या पत्त्यावर आपली नोंद करायची असते. या नोंदीबरोबर बीएसएन नावाचा क्रमांक मिळतो, आणि पगार, बँकेतले खाते, आरोग्यविमा, सरकारी कामांसाठी लागणारे डिजिडी नावाचे ऑनलाइन ओळखखाते, हे सारे त्या एका क्रमांकावर अडलेले असते. मला हे ठाऊक होते, तरी स्टेशनजवळची स्वस्त खोली पाहून मी भुललो. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत 'खेन इन्स्ख्रायविंग' असे लिहिलेले होते. 'या पत्त्यावर नोंद करता येणार नाही' हा त्याचा अर्थ मला पैसे भरून झाल्यावर कळला. घरमालकाने हात वर केले, आणि मी सहा आठवडे सहकाऱ्यांकडून उसने घेऊन दिवस काढले. म्हणून भाडे थोडे जास्त पडले तरी चालेल, पण नोंदीला लेखी होकार मिळाल्याशिवाय सही करू नकोस. घर स्वतः किंवा माझ्यामार्फत पाहिल्याखेरीज पैसेही पाठवू नकोस. १ जुलै २०२३ पासूनच्या करारांत अनामत रक्कम दोन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा अधिक मागता येत नाही, हेही ध्यानात असू दे.

जाहिरातीतला 'काल' हा डच शब्दही ओळखून ठेव. त्याचा अर्थ उघडेबोडके घर, आणि ते किती उघडे असू शकते याची आपल्याला कल्पना येत नाही. माझ्या एका सहकाऱ्याने असे घर घेतले, तेव्हा आधीच्या भाडेकरूने जमिनीवरच्या लाकडी फळ्यासुद्धा उचलून नेल्या होत्या. खाली नुसते सिमेंट, छतातून लोंबणाऱ्या वायरी आणि खिडक्यांना पडदे लावायची दांडीही नाही. पहिल्या वर्षी पूर्ण सामानासह मिळणारे घरच घे.

तुम्हा दोघांचे जन्मदाखले आणि विवाहाचा दाखला यांवर अपॉस्टिलचा, म्हणजे ते परदेशात ग्राह्य धरले जावेत यासाठीचा, शिक्का पुण्यात असतानाच करून घे. इथून ते काम करायचे म्हणजे तुझ्या वडिलांना उन्हातान्हात हेलपाटे.

आरोग्यविमा चार महिन्यांच्या आत घ्यावाच लागतो. वर्षाला उपचारखर्चाचे पहिले ३८५ युरो आपल्या खिशातून जातात, मात्र हाउसआर्ट्स म्हणजे घरच्या डॉक्टरकडे जाण्याचा खर्च त्यात धरत नाहीत. हा डॉक्टरही घराच्या जवळचाच असावा लागतो, तेव्हा पुन्हा पत्ता आलाच. ताप आला म्हणून गेलास तर तो बहुधा पॅरासिटामॉल घेऊन विश्रांती घ्यायला सांगेल. आपल्याकडच्यासारखी इंजेक्शनची अपेक्षा ठेवू नकोस. मलाही पहिल्या वेळी संताप आला होता, पण आता वाटते की त्याचेच बरोबर होते.

परदेशातून बोलावलेल्या तज्ज्ञांना मिळणाऱ्या तीस टक्के करसवलतीचा अर्ज कंपनीसोबत करायचा असतो. नोकरी सुरू झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो गेला तर सवलत पहिल्या दिवसापासून मिळते. उशीर झाला की मधले महिने बुडाले. ही सवलत मिळाली की भारतीय वाहनपरवाना परीक्षेशिवाय बदलून घेता येतो. एरवी नोंदणीनंतर १८५ दिवसच तो चालतो, आणि पुढची परीक्षा भल्याभल्यांना घाम फोडते. करखात्याची पत्रे निळ्या लिफाफ्यातून, डच भाषेत आणि नोंदवलेल्या पत्त्यावरच येतात. घर बदललेस तर खमेन्तेला लगेच कळव, नाही तर लिफाफा जुन्या दारात पडून राहील आणि मुदत उलटून जाईल.

तुझे घर ठरेपर्यंत आमच्याकडेच उतर. तुमची नोंद माझ्या पत्त्यावर व्हावी यासाठी आमच्या करारानुसार घरमालकाची लेखी संमती लागते. ती मी कालच मागितली आहे. उत्तर आले की कळवतो.

तुझा,
प्रशांत