सुध्याने सोमवार ठरवलाय

प्रिय विन्या,

चार महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही, त्याबद्दलच्या शिव्या भेटल्यावर घाल. इकडे सगळे बरे, माझा गुडघा आहे तसाच. आज लिहितोय ते सुध्यासाठी. काल रात्री त्याचा फोन आला. सोमवारपासून दारू बंद, एकदम. डॉक्टर नको, कुणाला सांगायचं नाही, चार दिवस खोलीला कडी लावून काढायचे म्हणे.

आनंद व्हायला हवा होता, पण झोपच उडाली. इतकी वर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या गुंगीला तोल म्हणून स्वतःला सतत चेतवत राहतो. दारू अचानक काढली की चेतवणं तसंच उरतं आणि आवर घालायला काही नसतं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून काहींना भ्रम होतो: भिंतीवर नसलेले किडे दिसतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत ते कळत नाही. यात माणूस दगावतो, विन्या. सोडायचं ठरवलं हे शंभर टक्के बरोबर, पण कडी लावून नाही.

डॉक्टर मेंदू शांत ठेवणाऱ्या गोळ्यांचा डोस ठरवून तो रोज थोडा थोडा उतरवत आणतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. आणि हे नीट लक्षात ठेव: घरचे लाजेपोटी दारूचं लपवतात, ‘अशक्तपणा आलाय’ म्हणतात आणि ग्लुकोजची सलाइन लागते. थायमिनचा साठा आधीच संपलेला असला तर नुसत्या ग्लुकोजने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थायमिन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान बरोबर हवं. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगायचं, हा रोज पितो, इतकी पितो.

‘इतकी’ किती, हे त्यालाही माहीत नाही. म्हणे, ‘व्हिस्की सोडली, आता फक्त बिअर.’ हिशोब सोपा आहे: मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९. ६० मिली व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, म्हणजे साधारण २० ग्रॅम अल्कोहोल. ६५० मिलीची ८ टक्क्यांची बिअर म्हणजे ४१ ग्रॅम. एक ‘हलकी’ बाटली, दोन मोठे पेग! बाटलीवर टक्के असतात, ग्रॅम तूच काढायचे.

आपलं गच्चीवरचं भांडण आठवतं? तू म्हणालास, रोज ग्लासभर रेड वाइन हृदयाला चांगली. मी तेव्हा नुसता ओरडलो, मुद्दा सांगितलाच नाही. आता सांगतो. त्या जुन्या अभ्यासांत ‘न पिणारे’ म्हणून मोजलेल्यांत आजारपणामुळे दारू सोडलेलेही होते. त्यांच्याशी तुलना केल्यावर थोडी पिणारे ठणठणीत दिसणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच दारूला कर्करोगकारक ठरवलं. शरीरात तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि ते डीएनए बिघडवतं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, बायकांचे स्तन, इतक्या ठिकाणी. वाइनमधलं अल्कोहोल काही वेगळं नसतं. जानेवारी २०२३ मध्ये त्या संघटनेने सरळच म्हटलं की सुरक्षित असं प्रमाण नाही.

हे बाटलीवर का नाही? कॅनडातल्या युकॉनमध्ये नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘दारूमुळे कर्करोग होऊ शकतो’ अशा चिठ्ठ्या लावायला घेतल्या. उद्योगाने दबाव आणला आणि महिन्याभरात काम थांबलं. पुढे दुसऱ्या चिठ्ठ्या आल्या, कर्करोगाची नाहीच. त्याऐवजी बऱ्याच ठिकाणी मिळतं ते ‘जबाबदारीने प्या’. त्यात किती ते नाही, काय होतं ते नाही. फक्त पिणाऱ्याच्या डोक्यावर दोष. सुध्या काल तेच घोकत होता, ‘मीच बेजबाबदार.’ इतका राग आला मला! वीस वर्षं मैत्री, यश आणि समुद्रकिनारा म्हणून ज्यांनी त्याला दारू विकली, त्यांना कोण विचारणार?

तुझी बदली झाली का? छोटीचा निकाल कळव, आणि वहिनींना नमस्कार.

माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकतो; कॅरममध्ये तो तुला एकदाही हरवू शकला नाही, तो धाक अजून असेल. शनिवारीच जा. डॉक्टरांना भेटेपर्यंत एकदम तोडू नकोस म्हणावं. लिव्हरची एक तपासणी नॉर्मल आली म्हणून सुटलो असं समजायला देऊ नकोस, बिघाड असूनही ती नॉर्मल येते. फिट आलीच तर तोंडात काही घालू नकोस, कुशीवर वळव, अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव. आणि खोलीची कडी आतून लागणार नाही, एवढं तू स्वतः बघ.

तुझा,
दत्ता