रविवारच्या फॉन्डंट फिगर्ससाठी आठवण

मैत्रिणींनो, रविवारी 11 वाजता फॉन्डंटचा (केक सजवायच्या साखरेच्या मऊ गोळ्याचा) बाळकृष्ण करायचाय, तर त्याचं धड शनिवारी रात्रीच घरी करून सुकवून आणा, ओल्या धडावर डोकं ठेवलं की ते हळूहळू मानेत रुतत जातं आणि कृष्णाचा पैलवान होतो, माझा झालाय 😄. 250 ग्रॅम फॉन्डंटला 1 टीस्पून सीएमसी पावडर (फॉन्डंट घट्ट करणारी, खाण्यात चालणारी डिंकासारखी पावडर) मळून घ्या, पावसाळी हवेत नुसतं फॉन्डंट उभं राहतच नाही. आधाराला टूथपिक नको, लहान मुलं खातात, कच्ची स्पॅगेटी घाला. आणि प्लीज फ्रिजमध्ये ठेवू नका!! बाहेर काढलं की घाम सुटतो, रंग ओघळतात, पंख्याखाली उघडंच ठेवा. हाताला कॉर्नफ्लोअर अगदी चिमूटभर, जास्त झालं तर भेगा पडतात. मोरपीस तिथेच करू.